घाम फुटलेला बर्फ

चिंधू कामडीला पहिली लस टोचली ती नावाची. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसऱ्याच्या वेळी त्याच्या आजीनं जुना उपाय काढला. पोर जन्मल्याबरोबर चिंध्यांत गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं ते उचललं आणि सूपभर कोंडा घेऊन परत आईच्या ओटीत घातलं. नाव ठेवलं चिंधू. असल्या फाटक्या नावाच्या पोराकडे यम ढुंकूनही बघणार नाही, दारातूनच नाक मुरडून परत जाईल, असा आजीचा हिशोब. तो बरोबरच निघाला म्हणायचा, कारण चिंधू आज पंचावन्न-छप्पन्नचा आहे, सौंसरच्या उन्हात बोडक्या डोक्यानं फिरतो, आणि त्याला साधं पडसंही झालेलं कोणी पाहिलेलं नाही. "माह्यं नावच टीका हाय," असं तो सांगतो; टीका म्हणजे इकडे लस. सांगताना ज्या पोराला टोचायचं असतं त्याचा दंड मात्र घट्ट धरून ठेवतो.

दवाखान्याशी त्याचं नातं तसं अलीकडचं. खरा धंदा बर्फाचा. सायकलच्या कॅरियरवर लाकडी पेटी, पेटीत बारदान्यात गुंडाळलेल्या लाल, पिवळ्या, केशरी कांड्या, आणि हँडलला पितळी घंटी. आज सौंसर, उद्या लोधीखेड्याचा बाजार, परवा बोरगाव, असा त्याचा आठवडा जायचा. उन्हाळ्यात या भागातली माणसं दुपारी दारं लावून कूलरपुढे पडून राहतात, पण चिंधूची घंटी वाजली की दारं उघडायची. त्याच्या कांडीत रंग जरा जास्त नि साखर जरा कमी असायची, हे त्याच्या बायकोलाही कबूल होतं. पण बर्फाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भर मे महिन्यात संध्याकाळी पेटी उघडली तरी आतली कांडी दातावर खणकन वाजायची. भुसा किती घालायचा, मीठ किती, बारदाना ओला की कोरडा, यावर तो कोणी विचारलं नसतानाही बोलायचा. आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "बर्फाले घाम फुटला का समजा मेला."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन पांढुर्ण्याला जायचा. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पळसाचं झाड नि त्यावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. चिंधू दगड पोचणार नाहीत अशी जागा हेरून उभा राहायचा. अर्धी पेटी कांड्यांची, उरलेला बर्फ टेंगळांचा. कपाळाला फडकं दाबून कोणी आला की तो कुठल्या काठाचा हे न विचारता चिंधू बारदान्यातून बर्फाचा तुकडा काढून द्यायचा. एकदा पांढुर्ण्याचा एक गडी चिडून म्हणाला, "काबे, सावरगाववाल्यालेही बर्फ देऊन राह्यला?" चिंधू म्हणाला, "भौ, टेंगूळ तं दोघायलेही सारखंच येते न." तेव्हापासून त्याला दोन्ही काठांवर मान होता. बर्फानं उतरत नाही असं दुखणं जगात नाही, अशी त्याची तेव्हा पक्की समजूत होती.

ती समजूत बोरगावात मोडली.

बोरगावची केसरबाई म्हणजे सगळ्या गल्लीचा दरारा. घरचा संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी, दोन मुलं, सुना, आणि या सगळ्यांना पुरून उरेल अशी जीभ. तिचा थोरला नातू अंकुर हे चिंधूचं हक्काचं गिऱ्हाईक. घरात संत्र्यांचे ढीग पडलेले, तरी त्याला संत्र्याच्या रंगाची कांडीच हवी असायची. बारा-तेरा वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. एका दुपारी चिंधूनं गल्लीत घंटी वाजवली, तर अंकुरच्या ऐवजी केसरबाईच अनवाणी धावत बाहेर आली. "चिंधू, बर्फ दे. सगळा दे!"

पोरगं तापानं फणफणलं होतं. मान ताठ झाली होती, मध्येच हातपाय झटकत होतं. चिंधूनं कांड्या मातीत ओतल्या आणि पेटीतला तळापर्यंतचा बर्फ दिला. मग तोही घड्या ठेवायला बसला. कपाळावर घडी, पोटावर घडी, तळपायाला बर्फ. जो येई तो हात लावून म्हणे, "उतरून राह्यला, उतरून राह्यला." सगळ्यांत मोठ्यानं चिंधूच म्हणत होता. अंग खरोखर जरा गार लागायचंही. दुपार अशी गेली. संध्याकाळी अंकुर आजीला ओळखेना, तेव्हा गाडी शोधायला धावाधाव झाली. अंकुर नागपूरहून परत आला तो चादरीत. मेंदूज्वर होता, मच्छरानं येतो, असं मागाहून कळलं. केसरबाई चिंधूला एका शब्दानं बोलली नाही. चिंधूच त्यानंतर बोरगावात गेला तर घंटीला हात लावायचा नाही, मुकाट्यानं चौकात उभा राहायचा आणि निघून यायचा.

पुढे दुकानादुकानांत काचेचे फ्रीजर आले, रंगीत कागदातल्या कांड्या आल्या, आणि चिंधूची पेटी घरी बसली. तेव्हा सौंसरच्या सरकारी दवाखान्यातला अनिल मदतीला आला. अनिल म्हणजे लहानपणी उधारीवर कांड्या खाणारा पोट्टा, आता लसींच्या फ्रीजांच्या खोलीचा राखणदार. लसीचे डबे मोटरसायकलवरून गावोगावी पोचवायला त्याला भरवशाचा माणूस पाहिजे होता. "काका, कामच तुमचं हाय. डबा थंडा ठेवाचा अन् टायमावर पोचवाचा." चिंधूनं निळा डबा हातात घेऊन, उलटापालटा करून, झाकण वाजवून पाहिलं. पेटीच्या मानानं डबा त्याला पोरखेळ वाटला, पण काम आवडलं. सायकलवरची घंटी काढून त्यानं मोटरसायकलला लावली. घंटी ऐकून पोरं धावत यायची, डब्यातून सुई निघाली की दुप्पट वेगानं पळायची. स्मिता सिस्टरनं, म्हणजे त्या भागातल्या नर्सबाईनं, त्याला हात जोडून सांगितलं, "चिंधूभाऊ, पोट्ट्यायले फसवू नका. पुढच्या वेळी टीचरनं धरलं तरी टीका लावून घेनार नाईत ते."

चिंधूला खटकायची ती एकच गोष्ट. डब्यात बर्फाऐवजी पाणी भरून गोठवलेल्या चपट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असायच्या, आणि अनिल त्या फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात भरायचाच नाही. टेबलावर मांडून ठेवायचा. त्यांना दरदरून घाम फुटायचा. मग एकेक पट्टी कानाशी धरून हलवायची, आत पाणी खळखळलं की ती डब्यात जायची. प्रशिक्षणात अनिलनं हे सगळ्यांना दोनदा समजावलं होतं. काही लसी दगडासारख्या बर्फाला टेकल्या की जमतात म्हणजे गोठतात, आणि जमलेली लस पुन्हा पातळ झाली तरी तिच्यात काही राम उरत नाही. चिंधू तेव्हा खुर्चीत डोळे मिटून बसला होता. ज्यांना बर्फातलं कळत नाही त्यांच्यासाठी हे प्रशिक्षण आहे, असं त्याचं मत. तरी नोकरी म्हणून तो मिळेल तो डबा निमूट न्यायचा. वाटेत मात्र घामेजलेल्या पट्ट्यांना शिव्या द्यायचा.

याच दिवसांत नागपूरहून डॉ. धनश्री यायला लागल्या. त्यांचं संशोधन मेंदूज्वरावर. दोन-तीन वर्षं त्या आणि त्यांची मंडळी संध्याकाळी गोठ्यागोठ्यात बसायची, काचेच्या नळीनं मच्छर ओढून डबीत भरायची. तळ्याकाठचे बगळे मोजायची, डुकरांचं रक्त घ्यायची. तशी मच्छरांवरची मोहीम इथे जुनीच आहे. पोळ्यानंतर मारबत, म्हणजे इडापिडेची बाहुली, गावाबाहेर काढताना लोक तिला रोगराईसोबत माश्या-मच्छरही घेऊन जायला बजावतात. मारबत जाते, मच्छर राहतात. डॉ. धनश्रींनी सांगितलं की कूलरच्या टाकीत वाढतो तो डेंग्यूचा मच्छर वेगळा, आणि डबक्यांत, बांधांतल्या पाण्यात वाढून डुकराबगळ्यांकडून मेंदूज्वर उचलणारा हा वेगळा. केसरबाईनं त्यांना आपल्या गोठ्यात बसू दिलं, पण बोलल्याशिवाय नाही. "इतकं शिकून मच्छरंच पकडाचे होते तं रोज येत जा न बाई. पोत्यानं देतो."

पकडलेल्या मच्छरांत रोगाचा विषाणू निघाला. पोरांच्या रक्तात त्याच्या खुणा निघाल्या. कागद वर गेले, वरून खाली आले, आणि या उन्हाळ्यात सौंसरच्या गावांमध्ये मेंदूज्वराची लस पहिल्यांदा द्यायचं ठरलं. डॉ. धनश्री काही पोरांचं रक्त टोचण्याआधी घेणार होत्या आणि महिन्याभरानं पुन्हा, म्हणजे लस अंगी लागली की नाही ते कळणार होतं. गावं तयार झाली. बोरगावची एक गल्ली तेवढी अडली, कारण केसरबाई अडली. तिच्या दारातून स्मिता सिस्टर परत आली, डॉक्टरबाई परत आल्या. शेवटी चिंधू गेला. इतक्या वर्षांनी तो त्या अंगणात पाय ठेवत होता.

केसरबाई संत्री निवडत बसली होती. शेजारी धाकट्या मुलाची प्रणाली, पहिलीतली पोरगी, सालींचे चष्मे करत होती. केसरबाईनं वर न बघता म्हटलं, "तुह्या बर्फानं माहा अंकुर नाई वाचला. आता बर्फातल्या दवाईनं काय होनार हाय?"

या प्रश्नावर चिंधूनं बारा वर्षं विचार केला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. "माय, तवा बर्फ रिकामा होता. आता त्यात दवाई हाय."

केसरबाईनं हातातलं संत्रं टोपलीत टाकलं. प्रणालीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूच आनजो मंग. तुह्या हातचा डबा असन तं आमची सारी गल्ली येईन. दुसऱ्या कोनाचा नाई पाह्यजे मले."

चिंधू त्या रात्री जेवला नाही. बायकोनं विचारलं, पोट बिघडलं का. तो म्हणाला, पोट नाही, छाती भरून आली आहे. बायकोनं तरीही ओव्याचं पाणी दिलं.

ठरल्या दिवशी सकाळपासूनच ऊन चावायला लागलं होतं. अनिलनं डबा भरला. मधोमध लसीच्या बाटल्यांची पिशवी, चारी बाजूंना पट्ट्या, आणि पट्ट्यांना असा घाम की डब्याच्या तळाशी पाणी साचलेलं. हा मेलेला बर्फ घेऊन बोरगावात जायचं? तेही केसरबाईच्या गल्लीत? अनिल म्हणाला, "काका, एकदम बरोबर हाय. उघडू नका." चिंधूनं मान हलवली आणि मोटरसायकल बोरगावच्या ऐवजी घराकडे वळवली.

घरी कांड्यांच्या धंद्यातला जुना डीप फ्रीजर अजून चालू होता. त्यात त्यानं कधीपासून, असू द्याव्यात म्हणून, जास्तीच्या पट्ट्या गोठवून ठेवल्या होत्या. बाहेर काढल्या तर धूर निघत होता, बोटं चिकटत होती. हा खरा बर्फ! घामेजलेल्या पट्ट्या काढून त्यानं या दगडी पट्ट्या ठासल्या आणि बाटल्या त्यांना चिकटून बसतील अशा दाबून लावल्या. बायको दारातून पाहत होती. "अनिलनं देल्लं तसं नेत जा न. त्याले काही समजत असन म्हनूनच देते न तो."

"तुले बर्फातलं काय समजते?" चिंधू म्हणाला. ज्या बाईनं पंचवीस वर्षं पहाटे उठून त्याच्या सगळ्या कांड्या भरल्या, तिला तो हे विचारत होता. तिनं फक्त पदर खोचला आणि आत गेली.

रस्त्यात चिंधू गात होता. त्याचा आवाज म्हणजे गिरणीचा पट्टा, पण आज त्याला कोणाची पर्वा नव्हती. आज बोरगावात एक थेंबही कोमट पोचणार नव्हता. मध्ये रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी सरकता सरकत नव्हती, तरी तो घाबरला नाही. डब्यावर थाप मारून म्हणाला, "बस आरामात."

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली होती. केसरबाई सगळ्यांत पुढे. प्रणालीच्या अंगात नवा फ्रॉक, केसांना तेल, आणि मागे गल्लीतल्या यच्चयावत बायका पोरं धरून बसलेल्या. कोपऱ्यात डॉ. धनश्री पोरांचं रक्त घेत होत्या आणि रडक्यांना चित्रांचे स्टिकर वाटत होत्या. स्मिता सिस्टर हात धूत होती. ती म्हणाली, "काढा, चिंधूभाऊ. पयली प्रणालीच हाय."

चिंधूनं थाटात झाकण उघडलं, पिशवी काढली आणि एक बाटली बोटांत धरली. बाटलीवर दव जमलं होतं. ते अंगठ्यानं पुसलं, तर आत काचेला लागून बर्फाचा एक बारीक कपचा दिसला. दुसरी बाटली पाहिली. तिच्यातही.

त्यानं मूठ मिटली. क्षणभरानं उघडली, तर कपचा विरघळून गेला होता. आत नितळ औषध. आता कोणी पाहिलं असतं तर काय ओळखलं असतं? कोणीच नाही. पण चिंधूचं आयुष्य बर्फ बघण्यात गेलं होतं, आणि जे दिसलं ते नाही दिसलं असं त्याला स्वतःला सांगता येईना. डोळे मिटून ऐकलेलं प्रशिक्षण आता शब्दन् शब्द आठवायला लागलं. जमलेली लस पुन्हा पातळ झाली तरी तिच्यात राम नाही.

त्याला दरदरून घाम फुटला. सांगावं, तर केसरबाई उठून जाईल, तिच्यामागे गल्ली जाईल, आणि पुन्हा या दारात कोणी फिरकणार नाही. बारा वर्षांनी मिळालेली ही एकच संधी त्यानं स्वतःच्या शहाणपणानं गोठवून टाकली होती. न सांगावं, तर सगळं सुरळीत होईल. सुई लागेल, पोरं रडतील, बायका घरी जातील. प्रणाली दंड चोळत जाईल, आणि आजी निश्चिंत होईल की आता या पोरीला काही होत नाही. मग एखादा मच्छर. मग पुन्हा तीच दुपार. चिंधूला रडू फुटायचं बाकी होतं. त्याच्या डोळ्यांपुढे अंकुरच्या कपाळावरची घडी आली. आपण पुन्हा या म्हातारीच्या हातावर रिकामा बर्फच ठेवतो आहोत, हे त्याला कळून चुकलं.

"द्या न, भाऊ," सिस्टर म्हणाली.

"नका लावू, सिस्टर." आवाज त्याला वाटला त्याच्यापेक्षा फार मोठा निघाला. "टीका जमून गेल्ता. आता पातळ दिसते, पन मी पाह्यलं. कोनाची गलती नाई. अनिलनं बरोबर देल्ला होता. म्याच घरी नेऊन पट्ट्या बदलल्या."

डॉ. धनश्री उठून आल्या, पट्ट्यांना हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "चिंधूभाऊ, अहो, या तर दगड आहेत! कशाला केलंत हे?"

"जास्त थंडा राहावा म्हनून."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्याच मिनिटाला त्या सावरल्या, बाटल्या बाजूला काढून त्यांच्यावर फुली मारली आणि अनिलला फोन लावला. दुसरा डबा गाडीनं निघणार होता, पण यायला वेळ लागणार होता. "बरं झालं बोललात," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर मी महिन्यानं रक्त तपासलं असतं आणि लिहिलं असतं की बोरगावात ही लस चालत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "रागावले मात्र आहे मी. ते नंतर सांगते."

बायकांत कुजबूज सुरू झाली. खराब टीका आणला. आता दुसराही कसा असेल कोण जाणे. एकेक जण पोराला कडेवर घेऊन उठायला लागली. केसरबाईनं प्रणालीचा हात धरला, चिंधूकडे एकदा पाहिलं, आणि पायऱ्या उतरून अंगणातल्या कडुलिंबाखाली गेली. घरी गेली नाही, पण पाठ फिरवून बसली.

चिंधूला पोरं थांबवायची एकच विद्या येत होती. तो चौकातल्या सोड्याच्या दुकानावर गेला, बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा बारदान्यात घालून आणला, आणि शाळेच्या पायरीवर दगडानं फोडायला बसला. एका बाईच्या पिशवीत बगीच्यातली उरलीसुरली संत्री होती, ती त्यानं हक्कानं मागून घेतली. शाळेच्या स्वयंपाकघरातून वाट्या आल्या, साखर आली. कुटलेल्या बर्फावर संत्र्याचा रस पिळून पहिली वाटी तयार झाली. तरी पोरं फाटकाबाहेर चाललीच होती. चिंधू मोटरसायकलपाशी गेला. हात घंटीवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यानं डोळे मिटून ती वाजवली.

बोरगावात ती घंटी बारा वर्षांनी वाजली. ज्या बायका लहानपणी किंवा नव्या नवरीच्या वयात तिच्यामागे धावल्या होत्या, त्या फाटकातच थांबल्या. पोरांना तर कारणच नको होतं. बघता बघता पायऱ्या भरल्या. कोणाच्या नाकाला रस, कोणाच्या फ्रॉकला. स्मिता सिस्टरनंही एक वाटी घेतली. डॉक्टरबाई रागावलेल्या होत्या, तरी त्यांनी दोन घेतल्या. चिंधूचे हात बर्फ कुटत होते, डोळे मात्र कडुलिंबाखालच्या पाठीवर होते. प्रणाली दोनदा मान वळवून बघत होती. पाठ वळली नाही.

गाडी आली. अनिल स्वतः डबा घेऊन उतरला होता. चिंधूकडे त्यानं असं पाहिलं की चिंधूनं मान खाली घातली. डबा उघडला. आतल्या पट्ट्या घामानं निथळत होत्या. चिंधूनं त्यातली एक मागून घेतली, हातात धरून कडुलिंबाखाली गेला आणि केसरबाईच्या समोर उकिडवा बसला.

"माय, बर्फ कमी पडू नये म्हनून म्या लय टाकला. तुह्यासाठीच टाकला. तिथंच चुकलो."

पट्टीवरचं पाणी टपटप मातीत पडत होतं.

"तू त्याही दिवशी सगळाच देल्ला होता," केसरबाई शेवटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "काहीच ठेवलं नव्हतं तुनं पेटीत. मले आठोते. पन त्या दिवशी सारे मले म्हनत होते, उतरते, उतरते. तूही म्हने. एकानंही सांगतलं नाई का यानं काही होत नाई, पोराले उचल अन् दवाखान्यात पय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज तुनं सांगतलं."

चिंधूनं पट्टी पुढे केली. "कानाले लावून हालवून पाहा, माय. पानी वाजलं पाह्यजे. वाजलं तं बरोबर."

केसरबाईनं पट्टी दोन्ही हातांत घेतली. कानावरचा पदर सारला, पट्टी कानाशी धरली आणि हलवली. डोळे मिटून पुन्हा हलवली. मग ती प्रणालीच्या कानाशी धरून तिलाही ऐकवली.

"वाजते न वो आजी," प्रणाली म्हणाली.

केसरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. घामेजलेली पट्टी तिनं तशीच छातीशी धरली होती, लुगडं भिजत होतं, आणि दुसऱ्या हातात पोरीचं मनगट होतं. व्हरांड्यापाशी येऊन तिनं आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "चाला वो सगळ्या! म्या सोता आयकून पाह्यलं."